खालच्या गोलातला बाळू

मी सहा फूट चार इंच उंच आहे. यात माझं कर्तृत्व शून्य आहे. पण आयुष्यात जे काही बरं घडलं त्यातलं बहुतेक या एकाच गोष्टीमुळे घडलं, हे कबूल करायला मला पंचेचाळिशी गाठावी लागली. त्याआधी मला वाटायचं की मी खेळाडू आहे. कंपनीच्या संघातून चौदा वर्षं पगारी बास्केटबॉल खेळलो. हल्ली माणच्या आयटी पार्कातले लोक मला टीमवर्कवर बोलायला बोलावतात. व्यासपीठावर माझ्या नावामागे 'ज्येष्ठ' लावतात, एक झाड देतात, आणि जी कुठल्याही माणसाच्या डोक्याला बसणार नाही अशी एक टोपी देतात. मी तिथे विजय, पराभव, विश्वास वगैरे शब्द वापरून चाळीस मिनिटं बोलतो. समोरची मुलं मान डोलवतात, कारण त्यानंतर जेवण असतं. त्या भाषणातून मी एक प्रसंग दर वेळी वगळतो. तो इथे लिहितो आहे. इथे कुणी टोपी देणार नाही.

आम्ही चिंचवडला दोन खोल्यांत राहायचो. अण्णा, म्हणजे माझे वडील, परभणीकडचं गाव सोडून आले ते एका कारखान्यात प्रेसवर लागले. लोखंडाच्या पत्र्यावर दिवसभर धाड धाड हातोडा पडायचा आणि त्यापाशी अण्णा उभे असायचे. त्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं. ते ओरडून बोलायचे, म्हणून आई ओरडून बोलायची, म्हणून मी आणि माझी बहीण ओरडून बोलायचो. 'मीठ दे' हे आमच्या घरात भांडण सुरू झाल्यासारखं ऐकू जायचं. शेजारी नवीन भाडेकरू आले की पहिल्या आठवड्यात कुणीतरी सोडवायला यायचं. आई त्यांना शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी देऊन परत पाठवायची. मी आठवीपासून जो वाढायला लागलो तो थांबेना. आई भाकऱ्या मोजायची थांबली. शेवटची भाकरी तव्यावरून थेट माझ्या ताटात पडायची आणि ती म्हणायची, "खा, खा. उंची तरी हाय, दुसरं काय हाय तुझ्याजवळ?" तिला माझ्याबद्दल जे तेव्हाच कळलं होतं, ते मला कळायला किती उशीर झाला ते वर सांगितलंच आहे.

अण्णा टेंपररी होते. ज्यांना या पट्ट्यातली रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सात महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा नव्याने भरती, पुन्हा सात महिने. सलग भरलं तर माणूस कायम होण्याचा हक्क सांगेल, म्हणून भरूच द्यायचं नाही. अण्णा त्याच प्रेसवर, त्याच जागी, बारा-तेरा वेळा नव्याने लागले होते. ब्रेकच्या दिवसांत ते घरी बसून सायकल पुसायचे. ती सायकल आमच्या आळीत सगळ्यात स्वच्छ होती. 'पर्मनंट' हा शब्द आमच्या घरात देवाच्या नावासारखा घेतला जायचा. पर्मनंट माणूस रस्त्याने चालला की आई डोक्यावरचा पदर सारखा करायची, मग तो माणूस कसाही असो.

अशा घरात, मी एकोणीस वर्षांचा असताना, बातमी आली की एका मोठ्या कंपनीला बास्केटबॉलच्या संघासाठी मुलं हवी आहेत. आधी शिकाऊ, मग पर्मनंट. कंपनीचे क्रीडा अधिकारी जिल्ह्याची फायनल बघायला येणार आणि तिथून उचलणार. एक जागा नक्की, जमलं तर दोन. आमचा संघ फायनलला पोचला होता. अण्णांनी हे ऐकलं, सायकल पुसायचं फडकं बाजूला ठेवलं आणि ओरडून विचारलं, "खेळल्याबद्दल पर्मनंट करायलेत?" पलीकडच्या घरातून कुणीतरी "काय झालं, अण्णा?" म्हणून डोकावलं.

आमचा संघ पोचला होता तो बाळूमुळे. बाळू पुनावळ्याचा. पुनावळं तेव्हा खरोखरच गाव होतं. हमरस्त्याच्या पलीकडे उसाची आणि भाजीपाल्याची रानं होती आणि त्यांत नव्या इमारतींचे दोन-तीन सांगाडे उभे होते. बाळू तिथून सायकलवर महापालिकेच्या मैदानावर सरावाला यायचा. उंची जेमतेम साडेपाच फूट. माझ्या बगलेखालून तो सहज जायचा आणि सामन्यात बऱ्याचदा जायचाही. त्याला मैदान दिसायचं. म्हणजे आम्हालाही दिसायचं, पण आम्हाला जे झालं ते दिसायचं, त्याला जे होणार आहे ते दिसायचं. मी रिंगखाली मोकळा झालोय हे मला कळायच्या आत बॉल माझ्या हातात आलेला असायचा. मी हात वर करून तो आत टाकायचो आणि मग दोन्ही मुठी आवळून प्रेक्षकांकडे बघायचो. तो मला 'टावर' म्हणायचा. मला ते कौतुक वाटायचं.

फायनलच्या दोन दिवस आधी बाळूच्या चुलत्यांनी, तात्यांनी, मला बोलावलं. तात्यांच्या गळ्यात जाड साखळी असे आणि महापालिकेच्या पुढच्या निवडणुकीत उभं राहायचं त्यांच्या मनात होतं. फ्लेक्स तेव्हा नवाच आला होता. आधी रंगवलेले कापडी फलक असायचे, त्यांत चेहरा कुणाचा आहे ते नाव वाचून कळायचं. फ्लेक्सवर चेहरा चेहऱ्यासारखा दिसायचा, त्यामुळे ज्यांना आपला चेहरा आवडतो अशा सगळ्या माणसांना एकदम समाजसेवेची ओढ लागली.

"आपली पोरं जिंकली पायजेत आन् आपला फलक लागला पायजे," तात्या म्हणाले. "ताथवड्याच्या चौकात. पोरांचे फोटू घिऊन जा आन् छापून आन."

"तात्या, मॅच परवा आहे."

"व्हय, मंग? जिंकनारच हाय की. निकाल लागल्यावर समदेच लावत्यात. आपला आदी लागला पायजे."

मला यात चूक काही दिसली नाही, हे आधी नोंदवून ठेवतो. मी ग्रुप फोटो घेऊन फ्लेक्सच्या दुकानात गेलो. त्या ग्रुप फोटोत मी मागच्या रांगेत होतो आणि माझे डोळे मिटले होते. खिशात मात्र मी स्टुडिओत काढून घेतलेला दुसरा फोटो होता. त्यात माझ्या एका बोटावर बॉल गरगर फिरतो आहे. तो फिरत नव्हता. फोटोग्राफरच्या माणसाने तो मागून धरला होता. मी हा फोटो पुढे केला. कॉम्प्युटरवर बसलेल्या सचिन नावाच्या मुलाने तो एवढा मोठा केला की माझं बोटच दुधी भोपळ्याएवढं झालं. वर तात्या हात जोडून. मधे मी. मग त्याने विचारलं, "बाकीच्यांचं काय करायचं?"

मी म्हणालो, "खाली घ्या."

ते दोन शब्द मी आजही तसेच ऐकू शकतो, कारण मी अर्थातच ओरडून बोललो होतो.

फ्लेक्सच्या साच्यात खाली गोल असतात आणि गोलांच्या डोक्यावर 'शुभेच्छुक' असं छापलेलंच असतं. सचिनने ग्रुप फोटोतली डोकी कापून त्या गोलांत बसवली. एकाच्या खांद्यावर दुसऱ्याचा नुसता हात राहिला होता, तो तसाच छापला. ग्रुप फोटोच्या दिवशी बाळू आला नव्हता. त्याचा तात्यांकडून आलेला कुणाच्या तरी लग्नातला फोटो होता, फेटा घातलेला. माझ्या नावावर लिहिलं, 'जिल्हा अजिंक्यपद विजेत्या संघाचा आधारस्तंभ'. अजिंक्यपद अजून दोन दिवस लांब होतं आणि ज्यांच्या जिवावर ते यायचं, ते खाली मला शुभेच्छा देत होते. तात्यांनी नमुना पाहिला. त्यांनी फक्त स्वतःचा फोटो पाहिला. "चष्मा कशापायी काढला माजा?" एवढंच म्हणाले. सख्खा पुतण्या शेवटच्या गोलात आहे, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

फायनलच्या दिवशी सकाळी फलक चौकात लागला. आमचे सगळे खेळाडू त्याखालूनच मैदानावर आले. कुणी काही बोललं नाही. मी मनात म्हटलं, दबून गेलेत बिचारे.

सामना सुरू झाला. पहिला बॉल बाळूकडे आला, त्याने मला दिला. मी टाकला. दुसरा बॉल, मला. तिसरा, मला. आमचा कुठलाही खेळाडू रिंगखाली एकटा उभा असला तरी तो बॉल माझ्याकडे फेकायचा, आणि बाळू फेकताना अदबीने म्हणायचा, "घ्या, आधारस्तंभ." मला हे फार उशिरा विचित्र वाटलं. समोरच्या संघाला मात्र पाच मिनिटांत कळलं की यांच्यात एकच माणूस खेळतो. त्यांनी तिघे माझ्याभोवती लावले. मी त्या तिघांच्या मधून हात वर करून उभा, आणि बॉल येतोय, येतोय, येतोच आहे. आमचे बाकीचे चौघे आपापल्या जागी गोलात ठेवल्यासारखे स्वस्थ. कोपऱ्यात कंपनीचे साहेब वहीत काहीतरी लिहीत होते. त्यांच्या मागे अण्णा उभे होते. फर्स्ट शिफ्ट दुसऱ्याशी बदलून आले होते, अंगावर धुतलेला शर्ट होता. हाफटाइमला आम्ही अठरा गुणांनी मागे होतो.

"पास का नाही देत कुणी कुणाला?" मी बाळूला विचारलं.

"देतोय की. तुला." बाळू पाणी पीत होता. "फलकावर हाय तसंच खेळतोय आमी. तू मधी, आमी खाली."

"ते सचिनने केलं. त्याचा साचाच तसा होता."

"सच्या माज्या वर्गात व्हता, टावर. तू काय म्हनला त्ये त्यानं मला त्याच दिवशी सांगितलं."

यावर शहाण्या माणसाने माफी मागितली असती. मी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग दुसऱ्या बुटाची. आमचे सर निवृत्त पीटी शिक्षक होते आणि त्यांनी आयुष्यभर मुलांची भांडणं मुलांनाच मिटवू दिली होती. ते शेंगा सोलत लांब जाऊन बसले.

दुसरा हाफ सुरू झाला. बॉल माझ्याकडे आल्याबरोबर मी तो बाळूकडे फेकला. तेवढ्याने मिटेल असं मला वाटलं होतं. बाळूने बॉल येताना पाहिला, दोन्ही हात जोडले, फलकावरच्या शुभेच्छुकासारखी मान किंचित तिरपी केली आणि हसऱ्या चेहऱ्याने बॉल शेजारून बाहेर जाऊ दिला. प्रेक्षकांत हशा पिकला. सगळ्यांनी सकाळी फलक पाहिला होता. सरसुद्धा हसले. पंचांनी शिट्टी वाजवली, तेही हसत होते. आणि मला एकदम दिसलं की साहेबांची वही मिटली आहे आणि ते घड्याळ बघताहेत. म्हणून, केवळ म्हणून, मी मैदानाच्या मध्यावरून ओरडलो, "अरे चुकलो ना मी! माफ कर ना!"

आमच्या घरच्या पट्टीतला आवाज होता. रस्त्यावरची रिक्षा थांबली. माझ्या आयुष्यातली सगळ्यात जास्त लोकांनी ऐकलेली माफी ती, आणि तिच्यामागचं कारण एक वही होती.

बाळूने मानेनेच 'चल' केलं. त्यानंतरची वीस मिनिटं काय होती ते मला आयटीतल्या मुलांना कधी सांगता आलेलं नाही. मी नुसता धावत होतो. बॉल कुठून कुठे जात होता ते कळायला मान पुरत नव्हती. मी तिघांना अंगावर घेऊन एका बाजूला पळायचो, दुसऱ्या बाजूला आमचा मुलगा मोकळा सापडायचा, बॉल त्याच्याकडे आधीच पोचलेला असायचा. मी त्या हाफमध्ये जेमतेम तीन वेळा बॉल रिंगमध्ये टाकला आणि मला त्याचं काही वाटलं नाही, हेच मोठं आश्चर्य. अठराचे चार झाले आणि वेळ संपली. चार गुणांनी हरलो. पुढे कंपनीकडून खेळताना आम्ही बरेच चषक जिंकले. ते कंपनीच्या स्वागतकक्षात काचेमागे असतात आणि त्यांच्यावर नाव कंपनीचं आहे. हा हरलेला सामना तेवढा माझ्या नावावर आहे, असं मी म्हणालो असतो. पण पुढे जे झालं त्यामुळे तेही म्हणता येत नाही.

घाम पुसत असतानाच साहेबांनी मला बाजूला बोलावलं. "जागा एकच मिळेल असं दिसतंय," ते म्हणाले. "माझ्या डोक्यात तू आहेस. उंची काही कुणाला शिकवता येत नाही. पण तो छोटा फार डोक्याने खेळतो. त्याचं काय? त्याला गरज आहे का नोकरीची?"

साहेबांनी हे सहज विचारलं. त्या एका क्षणात मला आमच्या दोन खोल्या दिसल्या, पुसलेली सायकल दिसली, आणि हेही दिसलं की साहेबांच्या जागी मी असतो तर मी बाळूला घेतलं असतं.

"त्याला कशाला साहेब नोकरी?" मी म्हणालो. "पुनावळ्याचा आहे तो. जमीनवाले लोक. शौक म्हणून खेळतो."

यातला शब्द न् शब्द मला तेव्हा खरा वाटत होता, ही माझी बाजू. बाहेरून आलेल्या आमच्यासारख्या घरांतून हेच बोललं जायचं, की गाववाल्यांना काय कमी, एक तुकडा विकला की बसून खातात. पुरावा म्हणून चौकात साखळी घातलेले तात्या टांगलेलेच होते. साहेबांनी मान हलवली आणि वहीत माझं नाव लिहिलं. मी वळलो तर मागे अण्णा. मी नेहमीच्या आवाजात बोललो होतो, आणि त्या आवाजातलं अण्णांना सगळं ऐकू यायचं.

घरी जाताना अण्णा सायकलवर बसले नाहीत. ती हातात धरून चालत राहिले. मी पेढे घेऊया म्हणालो, ते दुकानावरून तसेच पुढे गेले. घर जवळ आलं तेव्हा ते हळू आवाजात बोलले. मी त्यांना हळू बोलताना पहिल्यांदाच ऐकत होतो, म्हणून मला वाटलं त्यांना काहीतरी होतंय.

"सातबारा माझ्याबी नावावर हाय," ते म्हणाले. "सहा एकर. मग मी काय शौक म्हणून प्रेस मारायलो का इथं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुनावळ्याला गेलो. सांगून टाकायचं ठरवून गेलो होतो. रस्ताभर वाक्य जुळवलं. बाळूचं घर तात्यांच्या नव्या बंगल्याच्या मागे होतं, पत्र्याचं. मी तिथे याआधी कधी गेलो नव्हतो, बंगलाच त्यांचा आहे असं समजून चाललो होतो. बाळूची आई चुलीपाशी होती. बाळूने मला बघून आधी विचारलं, "काय म्हनला सायब?"

"मला घेतलं."

त्याने मला मिठी मारली, म्हणजे माझ्या पोटाला मारली. आईला म्हणाला, "आये, टावर पर्मनंट झाला!" तिने गुळाचा चहा टाकला आणि बळेच बाजरीची भाकरी वांग्याच्या कालवणाबरोबर वाढली. मी जेवत असताना बाळूने सहज विचारावं तसं विचारलं, "माज्याबद्दल काय इचारलं का रं त्यानं?"

मी म्हणालो, "नाही." आणि आणखी एक भाकरी घेतली.

इथपर्यंत लिहून मी गेल्या महिन्यात थांबलो. आता पुनावळ्यात इमारतींशिवाय काही दिसत नाही. त्यांतल्याच एका सोसायटीच्या कोर्टवर बाळू लहान मुलांना बास्केटबॉल शिकवतो. मधल्या काळात त्याने ट्रक चालवला, दुकान टाकलं, मोडलं. आमचं येणंजाणं कधी थांबलं नाही. माझ्या बहिणीच्या लग्नात तो यजमानासारखा दारात उभा होता. हे सगळं त्याने छापील पुस्तकात वाचू नये म्हणून मी त्याला फोन केला आणि ही पानं पहिल्यापासून वाचून दाखवली. मधे त्याच्या मागून मुलांचे आणि बॉल आपटल्याचे आवाज येत होते. वाचून झालं तेव्हा तिकडे त्याने मुलांना थांबवायची शिट्टी वाजवली.

"बाळू?"

"म्हाईत हाय मला," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"समदं. तू सकाळी जेवून गेला, आन् सांच्याला तुजं अण्णा आलं. सायकलवर. म्हनले, पोरगं चुकलं माजं, चल सायबाकडं. दुसऱ्या दिवशी आमी दोघं गेलो बी. सायब म्हनला, कागद गेले वरती, आता काय व्हत न्हाई. मंग येताना तुज्या अण्णांनी मला भजी खायाला घातली."

अण्णांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. त्यांनी मला यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं.

"मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"मीच म्हनलो त्यांना, त्याला सांगू नका म्हनून. शनवारी मॅच व्हती आपली, तळेगावला. तुला कळलं आस्तं तर तू मैदानात नुसता रडत फिरला आस्ता. मंग बॉल कुनाला द्यायचा मी? तेवढी मॅच हुंदे म्हनलो. मंग ऱ्हायलंच."

सव्वीस वर्षं राहिलंच. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "ती मॅच जिंकलो का रे आपण?"

"म्हंजे? तुला आठवत न्हाई व्हय?"

मला खरंच आठवत नव्हतं.